फुप्फुसातलं वाढलेलं प्रेशर आणि थकलेलं उजवं हृदय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘मॉडरेट पीएच’ लिहिलंय. हा कुठला आजार?

पीएच म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं वाढलेलं प्रेशर. बहुतेकांची या आजाराशी ओळख अशीच, रिपोर्टच्या शेवटच्या चार ओळींत होते. नातेवाईक तो कागद घेऊन येतात आणि ‘यावर गोळी द्या’ म्हणतात. पण ताप जसा मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, तसं हे प्रेशरही कशामुळे तरी वाढलेलं असतं. ते ‘कशामुळे’ कळल्याशिवाय गोळी ठरत नाही. चुकीची गोळी तर नुकसानही करते. खालच्या निम्म्याअधिक उत्तरांत हीच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने आली आहे.

दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं तर १२०/८० येतं. मग प्रेशर वाढलं कुठे?

दंडावर मोजतो ते हृदयाच्या डाव्या बाजूचं प्रेशर. डावी बाजू सगळ्या शरीराला रक्त पाठवते. उजवी बाजू शरीरातून परत आलेलं काळपट रक्त फक्त फुप्फुसात पाठवते. दोन्ही बाजू मिनिटाला सारखंच, साधारण पाच लिटर रक्त ढकलतात. पण फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या रुंद आणि लवचिक असल्यामुळे तिथलं सरासरी प्रेशर असतं जेमतेम १४. ते २० च्या वर गेलं की पल्मनरी हायपरटेन्शन म्हणायचं. २०१८ पर्यंत ही रेषा २५ वर होती, त्यामुळे जुन्या रिपोर्टमध्ये किंवा पुस्तकात २५ दिसलं तर गोंधळू नका.

दंडाच्या पट्ट्याला यातलं काही कळत नाही. म्हणूनच हा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो.

उजवं हृदय यात का सापडतं?

कारण त्याची भिंत पातळ असते, चार-पाच मिलिमीटरची. घराच्या टाकीत पाणी चढवणारी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार खोल विहिरीवर बसवली तर काही दिवस चालेल, मग तापेल. उजव्या कप्प्याचं तसंच. आधी त्याची भिंत जाड होते, मग कप्पा फुगतो, फुगला की मधली झडप नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळू लागतं. रिपोर्टमध्ये ‘टीआर’ लिहितात ते हेच गळणं. मागे गळलेलं रक्त शिरांमध्ये तुंबतं : मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजतं, पायांवर सूज येते, शेवटी पोटात पाणी होतं.

या अवस्थेला उजव्या बाजूचं हार्ट फेल्युअर म्हणतात. फुप्फुसाच्या आजारामुळे उजव्या बाजूवर असा परिणाम झाला असेल, तर डॉक्टर ‘कॉर पल्मोनाले’ हा शब्द वापरतात.

इकोमध्ये नळी घालत नाहीत, मग प्रेशरचा आकडा येतो कुठून?

त्या गळण्यातूनच. गळणाऱ्या रक्ताचा वेग डॉपलरने, म्हणजे इकोमधल्याच ध्वनिलहरींनी, मोजतात. वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणायचं आणि उजव्या वरच्या कप्प्याचं अंदाजे प्रेशर (३, ८ किंवा १५) त्यात मिळवायचं. वेग सेकंदाला ३.५ मीटर असेल तर साडेतीनचा वर्ग १२.२५, गुणिले चार म्हणजे ४९, अधिक ८, असे ५७. रिपोर्टवर ‘आरव्हीएसपी ५७’ किंवा ‘पीएएसपी ५७’ छापलं जातं. हा वरचा आकडा आहे. मघाशी सांगितलेलं २० हे सरासरीचं होतं, दोन्हींची तुलना करू नका.

वेग मोजताना जरासा फरक पडला तरी वर्ग केल्यामुळे आकडा बराच हलतो. म्हणून ‘गेल्या वेळी ५२ होतं, आता ५७ झालं’ म्हणून झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. गळण्याचा वेग २.८ पर्यंत असेल आणि बाकी काही खूण नसेल तर पीएचची शक्यता कमी, ३.४ च्या वर असेल तर जास्त. आकड्यापेक्षा उजवा कप्पा किती फुगलाय आणि किती जोमाने आकुंचन पावतोय ही ओळ रिपोर्टमध्ये शोधा. पेशंटचं पुढे कसं होणार ते तिच्यावर जास्त अवलंबून असतं.

हे होतं कशामुळे?

जगभर कारणांचे पाच गट पाडलेले आहेत.

सगळ्यात जास्त पेशंट दुसऱ्या गटातले : हृदयाच्या डाव्या बाजूचा आजार. डावी बाजू कमजोर किंवा ताठर झाली, किंवा तिची झडप आकसली, की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. आपल्याकडे यात एक जुनी भर आहे. लहानपणी घसा दुखून आलेला संधिवाताचा ताप, आणि पुढे पंचवीस-तीसच्या वयात आकसलेली मायट्रल झडप. अशा कित्येक बायकांना पहिली धाप लागते ती बाळंतपणात. हा प्रकार वेळेवर ओळखला तर फार समाधानाचा, कारण झडप योग्य असेल तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते आणि फुप्फुसातलं प्रेशर बऱ्याचदा झपाट्याने उतरतं.

तिसरा गट फुप्फुसाच्या आजारांचा : सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार), फुप्फुसं आकसत जाणारे आयएलडीसारखे आजार, झोपेत श्वास अडकणं. त्यावर पुढे बोलू. चौथ्यात रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसात जाऊन बसलेल्या असतात आणि विरघळत नाहीत. पहिला गट खुद्द फुप्फुसाच्या बारीक धमन्यांच्या आजाराचा, त्याला पीएएच म्हणतात. तो दुर्मीळ आहे, तरुण बायकांमध्ये जास्त दिसतो. हृदयातलं जन्मजात छिद्र, स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होण्याचा आजार), एचआयव्ही, यकृताचा सिरॉसिस यांच्याबरोबरही येतो. काही घराण्यांत बीएमपीआर-२ नावाच्या जनुकातल्या दोषामुळे तो पुढच्या पिढीत उतरतो, पण दोष असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. पाचवा गट उरल्यासुरल्यांचा.

वजन कमी करायच्या गोळ्यांचंही इथेच सांगून टाकतो. १९६० च्या दशकात अमिनोरेक्स नावाची भूक मारणारी गोळी स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनीत विकली गेली आणि तिथे या आजाराची लाटच आली. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात या विषयावर बैठक घेतली ती त्यामुळेच. फेनफ्लुरामिन नावाचं तसलंच औषध १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढावं लागलं. तेव्हा ‘महिन्यात दहा किलो’वाली बिननावाची पुडी कोणी दिली तर घेऊ नका.

आमच्या आईने विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही. तिला सीओपीडी कसा?

चुलीचा धूर. विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या-पऱ्हाट्या, इतरत्र लाकूडफाटा आणि गोवऱ्या. छपराखाली, खिडकी नसलेल्या जागेत, फुंकणीने जाळ करताना तोंड धुरापासून हातभरही लांब नसतं. दोन वेळचा स्वयंपाक, शिवाय आंघोळीचं पाणी. लग्नाआधी माहेरी आणि नंतर सासरी, अशी चाळीस वर्षं.

ही गोष्ट नवी नाही. दिल्लीत डॉ. एस. पद्मावती यांनी १९५० च्या दशकात कॉर पल्मोनालेच्या पेशंटांचा अभ्यास केला. पाश्चात्त्य देशांत तो सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार समजला जाई. दिल्लीत मात्र स्त्रिया जवळपास पुरुषांइतक्याच निघाल्या, आणि त्यांना तो पुरुषांपेक्षा कमी वयात जडला होता. त्यांनी बोट ठेवलं ते चुलीच्या धुरावर. भारताच्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्मावती २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी गेल्या. त्यांनी हे लिहिल्याला साठ वर्षं उलटून गेली, तरी ‘बिडी ओढत नाही म्हणजे सीओपीडी नाही’ असं सुशिक्षित माणसंही म्हणतात.

उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, सिलिंडर पुष्कळ घरांत आला. पण चहा गॅसवर आणि भाकरी, पाणी चुलीवर, हे चित्र अजून संपलेलं नाही. डॉक्टरांनी ‘धूम्रपान?’ विचारल्यावर नुसतं ‘नाही’ म्हणू नका, चुलीचं सांगा.

वडिलांना वीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता. तो पूर्ण बरा झाला. त्याचा इथे काही संबंध?

असू शकतो. जंतू मेले तरी व्रण राहतात. फुप्फुसाचा मोठा भाग टीबीने खाल्लेला असेल तर तिथल्या रक्तवाहिन्याही गेलेल्या असतात आणि उरलेल्यांवर भार येतो. थुंकीत टीबी निगेटिव्ह आणि तरी धाप, अशा माणसाला पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू करण्यापेक्षा इको आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री करून घ्यावी. दगडखाणीत, क्रशरवर काम केलेल्यांचंही तसंच. पेशंटने पूर्वी काय काम केलं ते न विचारताही सांगा.

सुरुवातीला ओळखायचं कसं?

सुरुवातीची लक्षणं इतकी मामुली असतात की ती वयावर, वजनावर, रक्त कमी असण्यावर ढकलली जातात. जिना चढताना धाप. बरोबरीच्या बायकांच्या मागे पडणं. वाकून चपलेचा पट्टा लावताना दम कोंडणं. हंडा उचलल्यावर किंवा घाईने चालल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं. यातलं शेवटचं सगळ्यात गंभीर. श्रम करताना चक्कर येऊन पडलेल्या माणसाला लिंबू-सरबत पाजून घरी बसवू नका, इसीजी आणि इको करा.

पुढे पायांवर सूज येते. नडगीवर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खळगा राहिला तर ते पाणी आहे. एक सावधगिरी : बीपीसाठीच्या अम्लोडिपिनच्या गोळीनेही पाय सुजतात, तेव्हा गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा.

पोट जड, भूक नाही, सोनोग्राफीत ‘लिव्हरला सूज’. हे हृदयाचं कसं?

हे फार वेळा फसवतं. यकृतात रक्त तुंबलं की उजव्या बरगडीखाली जडपणा येतो, थोडी कावीळही दिसू शकते. आतड्यांना सूज आल्याने दोन घासांत पोट भरतं. माणूस महिनोन्महिने गॅसच्या गोळ्या घेतो, झाडपाल्याचं औषध करतो, आणि न पिणाऱ्याकडेही ‘पीत असेल’ म्हणून बघितलं जातं.

पाठीला उशा देऊन पेशंटला अर्धवट बसवा, मान किंचित डावीकडे वळवा आणि उजेडात उजवी बाजू बघा. मानेची शीर जबड्यापर्यंत ठसठशीत भरून लपलपत असेल, तर पोटाच्या डॉक्टरांआधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा.

इको झाला. आता पुढच्या तपासण्या कशाला?

कारण शोधायला. इसीजी, छातीचा एक्सरे, स्पायरोमेट्री, गरजेप्रमाणे छातीचा सीटी, बोटाला लावून ऑक्सिजन, रक्ताच्या काही तपासण्या, सहा मिनिटांत किती मीटर चालता याची चाचणी. घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या जाड माणसाची झोपेची तपासणी.

एक तपासणी हमखास राहून जाते ती व्ही-क्यू स्कॅन, फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारी. जुन्या गुठळ्या शोधण्यात ती साध्या सीटीपेक्षा सरस आहे. गुठळ्यांचा हा प्रकार सापडायलाच हवा, कारण काही पेशंटांत मोठं ऑपरेशन करून त्या खरवडून काढता येतात आणि आजार जवळजवळ बरा होतो. ऑपरेशन शक्य नसेल तर फुग्याने रक्तवाहिन्या उघडणं आणि रिओसिग्वाट ही गोळी हे पर्याय आहेत. रक्त पातळ करण्याचं औषध मात्र जन्मभर.

मानेतून नळी घालून तपासणी सांगितली आहे. ती टाळली तर?

डाव्या हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार उघड दिसत असेल, तर ती बहुधा लागतही नाही. पण पीएएचची महागडी, जन्मभराची औषधं सुरू करायची असतील तर राइट हार्ट कॅथेटरायझेशन टाळू नये. प्रेशर प्रत्यक्ष मोजणारी आणि डाव्या बाजूचा दोष आहे की नाही ते सांगणारी तीच तपासणी. अँजिओग्राफी धमनीतून होते, ही शिरेतून. अनुभवी हातांत धोका कमी असतो.

१९२९ मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तसाच चालत जाऊन एक्सरे काढून घेतला. वरिष्ठ भडकले. १९५६ साली त्याला कुर्नां आणि रिचर्ड्स यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आता हे काम टेबलावर निजून, जागा बधिर करून होतं.

डॉक्टरांनी सिल्डेनाफिल लिहून दिलीय. ही तर व्हायग्रा! बाबांना कशी देणार?

औषध तेच, काम वेगळं. फुप्फुसाच्या धमन्या ती सैल करते. पीएएचसाठी नेहमीचा डोस २० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. २००५ पासून या आजारासाठी ती अधिकृतपणे वापरली जाते. केमिस्टने डोळा मारला तर मारू द्या.

पण दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणि सिल्डेनाफिल किंवा तिच्याच जातीची टॅडालाफिल एकत्र कधीही नाही. बीपी एकदम कोसळतं, जीव जाऊ शकतो. घरात आजोबांची सॉर्बिट्रेट असते आणि शेजारी प्रेमाने तोंडात घालतात, म्हणून ही ताकीद घरातल्या सगळ्यांना द्या. रिओसिग्वाटबरोबरही सिल्डेनाफिल चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक ‘पीएच’ला ही गोळी नाही. डाव्या हृदयाच्या आजारात तिचा उपयोग झाल्याचं दिसत नाही. सीओपीडीत ती फुप्फुसाच्या निकामी भागातल्या रक्तवाहिन्याही उघडते आणि ऑक्सिजन उलटा खाली येऊ शकतो. शेजारच्या काकांना गुण आला म्हणून इकोच्या आकड्यावरून तीच गोळी सुरू करणं हा या आजारातला सर्रास दिसणारा घोळ आहे.

पीएएचसाठी बोसेंटान, अँब्रिसेंटान, मॅसिटेंटान याही गोळ्या आहेत. बोसेंटान चालू असताना यकृताची रक्ततपासणी दर महिन्याला. सोटाटरसेप्ट हे इंजेक्शन अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालं.

नेहमीच्या बीपीच्या गोळ्यांनी हे प्रेशर उतरत नाही का?

नाही. पीएएचच्या मोजक्या पेशंटांना कॅल्शियम ब्लॉकर या जातीच्या बीपीच्या गोळ्यांचा चांगला गुण येतो, पण ते कोण हे नळीच्या तपासणीतच कळतं.

लघवीच्या गोळीने किडनी खराब होते म्हणतात. सूज उतरली की बंद करू?

परस्पर बंद करू नका. फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड या गोळ्या प्रेशरचं मूळ काढत नाहीत, पण फुगलेल्या उजव्या कप्प्यावरचा भार कमी करतात. थकलेल्या हृदयात किडनी बिघडते ती बऱ्याचदा तुंबलेल्या रक्ताने. जास्त डोसनेही अंग कोरडं पडतं हे खरं, म्हणून क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम ठरलेल्या वेळी तपासायचं. प्रवासाच्या दिवशी गोळी टाळण्यापेक्षा तिची वेळ पुढेमागे करता येईल का ते विचारा.

घरात वजनकाटा ठेवा. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरच्या त्या तारखेवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नाही, पाण्याचं. फोन करा.

पथ्य काय?

मीठ. भाजीत कमी घालता आणि पानात लोणचं, पापड, सांडगी मिरची, चटणी वाढता. मग काय उपयोग? फरसाण, वेफर्स, बेकरीची खारी, कोकण-गोव्याकडे सुकट आणि खारे बांगडे, यांत दिवसभराचं मीठ येतं. सैंधव हेही मीठच. लो-सोडियम मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवणारी लघवीची गोळी) चालू असेल तर ते मीठ न विचारता वापरू नका.

पाणी किती प्यायचं ते सूज आणि सोडियम बघून ठरतं, सगळ्यांना एकच माप नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्या.

घरी ऑक्सिजन लावला की त्याची सवय लागते का?

हा गैरसमज पुष्कळांचं नुकसान करतो. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसाच्या धमन्या आवळतात, प्रेशर आणखी चढतं. ऑक्सिजन त्यावरचं औषध आहे. १९८०-८१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. सीओपीडीत रक्तातला ऑक्सिजन फार कमी असलेली माणसं दिवसाला पंधरा तास किंवा जास्त ऑक्सिजन घेतल्यावर अधिक जगली, असं त्यांत दिसलं. म्हणजे दम लागेल तेव्हा दहा मिनिटं नव्हे, रात्रभर आणि दिवसाही बराच वेळ.

उलट, कॉन्सन्ट्रेटरचा काटा मनाने वाढवायचाही नाही. सीओपीडीत बोटाला लावायच्या यंत्रावर ८८ ते ९२ टक्के पुरेसं असतं. त्याहून वर नेलं तर काही जणांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. आणि ऑक्सिजन चालू असताना जवळ चूल, उदबत्ती, निरांजन, बिडी काही नको.

वारी, चारधाम, विमान?

पंढरीची वारी समुद्रसपाटीपासून फार उंचावर नाही, तिथे अडचण श्रमांची. दिवे घाट चढायचा हट्ट सोडून गाडीने पुढे जाऊन दिंडीला मिळता येतं. केदारनाथ, अमरनाथ, लेह मात्र नकोच. साडेतीन हजार मीटरवर निरोगी माणसाचंही फुप्फुसातलं प्रेशर वाढतं. विमानाच्या केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीसारखी असते. बऱ्याच जणांना चालतं, पण बसल्याजागी ऑक्सिजन कमी असेल तर आधी डॉक्टरांना आणि विमान कंपनीला विचारावं लागतं.

लग्न ठरतंय. पुढे मूल होऊ शकेल का?

पीएएच असेल तर गरोदरपण टाळा असाच सल्ला दिला जातो. आईच्या जिवाला मोठा धोका असतो, बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत सर्वाधिक. बोसेंटान, अँब्रिसेंटान, मॅसिटेंटान आणि रिओसिग्वाट ही औषधं गर्भाला घातक आहेत. बोसेंटानमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असरही कमी होतो. हे लग्नानंतर सासरी कळण्यापेक्षा आधी दोन्ही घरांना समोर बसवून बोललेलं बरं. झडपेमुळे प्रेशर असेल तर गोष्ट वेगळी : आधी झडप, मग विचार.

मुलाच्या हृदयाला छिद्र आहे. ‘मोठा झाला की करू’ म्हटलं तर?

मोठ्या छिद्रातून जादा रक्त सतत फुप्फुसात जातं, धमन्या जाड होतात आणि एक दिवस प्रवाह उलटा फिरतो. ओठ-नखं निळी पडतात. याला आयझेनमेंगर म्हणतात. त्यानंतर छिद्र बुजवणं धोक्याचं असतं, कारण तेवढीच एक वाट हृदयाला मोकळी असते. म्हणून मुदत डॉक्टरांनी सांगितलेली पाळा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत येतं. त्यांच्या चिठ्ठीवर ऑपरेशनची सोय होऊ शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हृदयाची ऑपरेशनं आहेत.

सिकलसेलच्या पेशंटला हे होतं का?

होतं. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या डॉक्टरांनी आणि कुटुंबांनी लक्षात ठेवावं. ‘एसएस’ (आई-वडील दोघांकडून सिकलसेलचा दोष आलेल्या) पेशंटला नेहमीच्या दुखण्यापलीकडे चालताना धाप लागू लागली तर इको करून घ्या. इथेही सिल्डेनाफिल आपल्या मनाने नको. सिकलसेलच्या पेशंटांवर तिची चाचणी चालू होती, ती २००९ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण दुखण्याचे झटके वाढले.

हा बरा होतो का?

झडप, गुठळ्या, वेळेत बुजवलेलं छिद्र, झोपेतला अडकलेला श्वास : इथे खूप सुधारणा होते, काही वेळा पूर्ण. सीओपीडी, जुना टीबी, आयएलडी यांत गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पण ऑक्सिजन, धूर बंद आणि लघवीची गोळी यांनी पेशंट पुन्हा अंगणात येऊन बसतो. पीएएच औषधांनी आटोक्यात राहतो, बरा होत नाही. औषधं पुरी पडेनाशी झाली की फुप्फुस प्रत्यारोपणाचा विचार करतात. त्यासाठी नाव लवकर नोंदवावं लागतं, अगदी खाटेला खिळल्यावर नव्हे.

रात्री-बेरात्री कधी धावायचं?

बसल्याजागी धाप, बेशुद्ध पडणं, खोकल्यातून रक्त, छातीत कळ, ओठ निळे, बोलताना भान हरपणं, किंवा एकच पाय अचानक सुजून दुखू लागणं. १०८ ला फोन करा. पेशंट शुद्धीत असेल तर आडवं पाडू नका, उशीला टेकवून बसवा. सोबत शेवटचा इको आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या, आणि सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल चालू असेल तर कॅज्युअल्टीत शिरल्या शिरल्या, सॉर्बिट्रेट हातात येण्याआधी, ते सांगा.